काजव्याचा शेवटचा भाग

आमच्या भिंगारच्या गल्लीत सोनवण्यांकडे पुस्तक मागायला गेलं, की ते आधी तुमचे हात बघतात. तळवे वर, मग खाली, मग बोटांपाशी नाक नेऊन हुंगतात आणि निकाल देतात. "शेंगदाणे." किंवा "खोबरेल. उद्या या." मी जन्मभर शाळेत मुलांची नखं तपासली. माझे हात कुणी तपासेल असं मला कधी वाटलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी हात पुढे केले, तर ते म्हणाले, "लसणाची फोडणी. बाई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

निनाद, इरा, तुम्ही कॅनडात. सोनवण्यांना तुम्ही, निदान परवापर्यंत, पाहिलेलं नव्हतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ते आपल्यापासून दोन घरं पलीकडे राहतात. मूळचे पारनेरकडचे. इथल्या लष्करी स्टोअरमध्ये स्टोअरकीपर होते, आता निवृत्त आहेत. लग्न केलं नाही. उंच, सडपातळ, खिशात दोन पेनं आणि एक छोटा टॉर्च, तोही भर दुपारी. दर आठवड्याला ते नगरला रद्दीच्या दुकानांत जातात आणि पिशवीत काहीतरी चपटं घेऊन येतात. कुलूप उघडण्याआधी गल्लीच्या दोन्ही टोकांना बघतात. घरात हिरव्या लोखंडी पेट्या, एकावर एक. खिडक्या कायम बंद. आता असा माणूस शेजारी असल्यावर संशय येणार नाही तर काय? मी तुमच्या बाबाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "आई, तू त्यांच्यावर पाळत ठेवतेस?" मी म्हटलं, मी तुळशीला पाणी घालते. तुळस त्या बाजूला आहे, त्याला माझा इलाज नाही.

पेट्यांत काय आहे ते मला समोरच्या शैलाने सांगितलं. शैला ब्लाउज शिवते, त्यामुळे गल्लीतलं सगळं तिच्या मापात असतं. "पुस्तकं हायेत मावशी. चित्रांची. ते अंगाला चिकटून कपडे घालून मारामाऱ्या करत्यात ना, त्यांची."

"सुपरहिरो?"

"व्हय. तेच. शिवायला लई अवघड असणार ते कपडे."

ही बातमी माझ्या कामाची होती. निनाद, त्याच सुमारास तू रविवारच्या फोनवर माझ्याशी बोलेनासा झाला होतास. "कसा आहेस?" "मस्त." "अभ्यास?" "चाललाय." मग पडद्यावर छतावरचा पंखा दिसायचा. इरा हळूच सांगायची की तो फोन बाजूला ठेवून सुपरहिरोंची कॉमिक्स वाचतोय. एकदा मी तुला विचारलं, की मला वाचायची झाली तर कुठून सुरुवात करू? तू एका दमात इतकी नावं आणि इतकी विश्वं सांगितलीस, की मी पेन खाली ठेवलं. त्यावर तू म्हणालास, "आजी, तुला नाही समजणार." मी इंग्रजीची बाई. मला नाही समजणार, हे माझ्या नातवाने मला सांगावं?

म्हणून दुसऱ्या दिवशी मी सोनवण्यांचं दार वाजवलं. दार बोटभर उघडलं.

"कुणी पाठवलं?"

"कुणी नाही. मला सुपरहिरोंची पुस्तकं वाचायची आहेत."

"या वयात?"

"तुम्ही कोणत्या वयात वाचता?"

मग दार आणखी उघडलं आणि लसणाचा प्रकार झाला. मी घरी गेले, लिंबाने हात धुतले, परत आले.

नवीन वाचकाला काय द्यावं याबद्दल सोनवण्यांचे नियम पक्के आहेत. मी विनयाने म्हटलं, की सगळ्यात गाजलेलं असेल ते द्या, इंग्रजी असलं तरी चालेल. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी नुकत्याच रांगायला लागलेल्या बाळासाठी मोटारसायकल मागितली होती.

"पहिल्यांदा उडणारा हिरो द्यायचा न्हाई," ते म्हणाले. "माणूस बिघडतो. एकदा उडणारा वाचला की चालणारा गोड लागत न्हाई. आधी एस्टीनं जाणारा द्यायचा. मग उड्या मारणारा. उडणारा सगळ्यात शेवटी."

"आणि ते सगळे एकत्र असतात, ती टोळीची पुस्तकं?"

"पहिल्याच पुस्तकात सहा हिरो म्हणजे लग्नातली पंगत. कोण कुणाचा मेहुणा ते कळत न्हाई. आपण नुसतं जेवून यायचं."

मरून परत येणाऱ्या हिरोंवर तर त्यांचा विशेष राग आहे. "एकदा मेला आन परत आला, की पुढं त्याची काळजी वाटत न्हाई. काळजी वाटत न्हाई त्याचं पुस्तक कशाला वाचायचं?"

मला हे पटलं. शाळेत इतकी वर्षं मी मुलांना पुस्तकं वाटली, पण असा विचार केला नव्हता.

मला मिळाला काजवा. काजवा म्हणजे दिवसा वीजमंडळात मीटरचे आकडे टिपणारा गजानन. त्याच्या अंगातून उजेड निघतो. पण जितका उजेड बाहेर पडेल तितकी त्याची स्वतःची नजर कमी होते. त्याचा शत्रू अंधारशेठ. जुना, पिवळा पडलेला कागद, चित्रांचे रंग रेषांच्या बाहेर सांडलेले. मी पहिला भाग घरी आणला आणि दुपारची झोप बुडवून वाचला. शिस्तीच्या बाईने हे सांगू नये, पण दूध उतू गेलं.

दुसरा भाग मिळवणं सोपं नव्हतं. लष्करी स्टोअरमध्ये नवी वस्तू हवी तर जुनी आधी जमा करावी लागते. फुटका टॉर्च द्या, मग नवा टॉर्च घ्या. सोनवणे घरीही तेच चालवतात. पहिला भाग जमा करायचा, तो ते पानं मोजून घेतात, दुमडला आहे का ते टॉर्च मारून बघतात. मग समोर बसवून विचारतात.

"काजवा एस्टीतून उतरला तेव्हा त्याच्या हातात काय हुतं?"

"डबा."

"कितीचा?"

"तीन खणांचा."

"वाचलाय," असं ते पेटीला सांगायचे आणि पुढचा भाग इश्यू करायचे. अनेकदा परीक्षा संपली तरी ते प्रश्न विचारतच राहत. अंधारशेठच्या गाडीचा रंग, गजाननच्या आईचं गाव. मी मनात म्हणायची, या माणसाला काय सिद्ध करायचं आहे? मी पुस्तकं न वाचता परत करते असा याला संशय आहे की काय?

पण रविवार पालटले. मी तुला काजवा सांगायला लागले आणि पडद्यावरचा पंखा गेला, तिथे तुझा चेहरा आला. तुला मराठी शब्द अडायचे, इरा अर्थ सांगायची. "मग?" तू विचारायचास. हा "मग?" ऐकायला मी सोमवारपासून तयारी करायची. शेवटून दुसऱ्या भागात काजवा धरणाच्या बोगद्यात अडकला. पाणी चढतंय, मजूर अंधारात, आणि सगळ्यांना वाट दाखवायची तर अंगातला सगळा उजेड संपवावा लागणार. "मग?" मी म्हटलं, पुढच्या रविवारी. तू म्हणालास, "प्रॉमिस?" मी म्हटलं, प्रॉमिस.

सोमवारी सकाळी हात धुऊन मी सोनवण्यांकडे गेले. भाग जमा केला, उत्तरं दिली. ते म्हणाले, "शेवटचा भाग स्टॉकमध्ये न्हाई."

"मग मागवा. तिकडे नातू वाट बघतोय."

"निघत न्हाई आता."

"तुम्ही वाचलाय का?"

"वाचलाय."

"मग तो गेला कुठे?"

"बाई, तुमी लोहगरुड घ्या. त्यो उड्या मारतो. तुमची बढती झाली समजा."

मला उड्या मारणारा नको होता. मी सरळ शैलाकडे गेले.

"तुला दिलाय का गं त्यांनी कधी शेवटचा भाग?"

शैलाने मशीन थांबवलं. "मी त्यांच्याकडून समुद्रिका वाचत हुते. लग्नाआधी. आता माझी पोरगी शाळेत जाती, पन समुद्रिका अजून पाण्यातच हाय."

"तू विचारलं नाहीस?"

"विचारलं की. स्टॉकमध्ये न्हाई म्हनले. समोरच्या सुभेदारांनाबी तेच. सुभेदार म्हनत्यात, फाडून टाकतो त्यो. डोक्यात काहीतरी हाय."

आता माझा संशय नुसता संशय राहिला नाही, त्याला साक्षीदार मिळाला. शेवटचे भाग विकले असतील? उंदरांनी खाल्ले, आणि सांगायची लाज वाटते? की दुसऱ्याला तळमळत ठेवण्यात या माणसाला मजा येते? शाळेत असा एक शिपाई होता, घंटा मुद्दाम उशिरा द्यायचा.

गुरुवारी मी पुन्हा गेले. लोहगरुड घेते म्हटलं. ते पेटी उघडायला वाकले आणि मी खोलीभर नजर फिरवली. सगळ्या पेट्यांवर पांढऱ्या रंगात हिरोंची नावं. कोपऱ्यातल्या एकीवर फक्त "कंडेम माल". स्टोअरमध्ये निकामी ठरवलेल्या वस्तू अशा वेगळ्या ठेवतात, हे मला ठाऊक होतं. पण बाकीच्या पेट्यांवर धूळ होती आणि या पेटीवर नव्हती. जवळ गेले तर डांबराच्या गोळ्यांचा वास आला.

"सोनवणे," मी म्हटलं, "निकामी मालाला डांबराच्या गोळ्या कोण घालतं?"

ते वाकलेलेच राहिले. मग सावकाश उभे राहिले, खिशातला टॉर्च काढला, पुन्हा ठेवला.

"तुमी शाळेत फार तरास दिला असंल पोरांना," ते म्हणाले.

पेटी त्यांनीच उघडली. आत सगळे शेवट होते. काजव्याचा, समुद्रिकेचा, लोहगरुडाचा, आणखी कितीतरी. प्रत्येक भाग वेगळ्या प्लास्टिकमध्ये, कडुलिंबाचा पाला घातलेला. एकाही पुस्तकाचा कोपरा दुमडलेला नव्हता.

मी खूप बोलणार होते. वाक्यं घरून तयार करून आणली होती. पण ते पेटीकडे बघत आपणहून बोलायला लागले.

"आधी मी सगळे भाग द्यायचो. मागच्या गल्लीत एक पोरगा हुता, कॉलेजचा. काजवाच वाचत हुता. रोज संध्याकाळी यायचा. पुस्तक जमा करायचा आन बसायचा. आमी दोघं बोलायचो, अंधारशेठ असा का झाला, काजव्यानं आईला का सांगितलं न्हाई. मी चहा शिकलो त्याच्यापायी. मला चहा येत नव्हता. मग शेवटचा भाग घिऊन गेला. मी वाट बघितली, आज सांगायला यील, उद्या यील. एक दिवस सकाळी दूध घ्यायला दार उघडलं, तर पुस्तक पिशवीत घालून कडीला अडकवलं हुतं. नीट हुतं. दुमडलं नव्हतं काही."

"दार वाजवलं नाही त्याने?"

"कशाला वाजवंल? संपलं हुतं की."

मग त्यांनी काजव्याचा भाग काढला, पाला झटकला आणि माझ्या हातात दिला. त्या दिवशी त्यांनी हात हुंगले नाहीत.

"तुमचं पोरगं तिकडं खोळंबलंय. घिऊन जा. वाचून झालं की पिशवी कडीला लावली तरी चालंल."

निनाद, तो शेवट मी तुला सांगितला. काजव्याने सगळा उजेड देऊन मजुरांना बाहेर काढलं, त्याची नजर गेली, आणि शेवटच्या चित्रात तो काठी टेकत मीटर तपासायला निघाला. माझे डोळे भरून आले होते. तू म्हणालास, "एवढंच?" मग म्हणालास, "हे चूक आहे. त्या लोकांकडे टॉर्च का नव्हते? आणि दिसत नसेल तर मीटर कसं वाचणार?" बारा वर्षांच्या मुलाला काळीज असतं की नाही, असं माझ्या मनात आलं.

सोमवारी मी पुस्तक घेऊन सोनवण्यांकडे गेले आणि दार वाजवलं. ते लगेच उघडलं. मी म्हटलं, "माझ्या नातवाला शेवट आवडला नाही."

"न आवडायला काय झालं?"

मी तुझ्या दोन्ही शंका सांगितल्या. मला वाटलं ते चिडतील. पण टॉर्चचं ऐकल्यावर त्यांचा चेहरा बदलला. ते खाली बसले, बोगद्याचं पान काढलं, त्यावर उजेड मारून एकेका मजुराचे हात बघितले. सगळे रिकामे.

"पोरगं बरोबर बोलतंय," ते म्हणाले. "बोगद्यात उतरणाऱ्या माणसाला टॉर्च इश्यू केलाच पायजे. इतकी वर्षं वाचतोय, माझ्या ध्यानात न्हाई आलं. तिथला स्टोअरकीपर काय करत हुता?" मग ते उठले आणि चहा टाकायला आत गेले. आतून आवाज आला, "पन मीटरचं माझ्याकडं उत्तर हाय. त्याला सांगा, हाय."

"तुम्हीच सांगा," मी म्हटलं. "रविवारी या. मी त्याला कळवून ठेवते."

सोनवणे कुणाच्या घरी जात नाहीत. सुभेदारांच्या मुलीच्या लग्नालाही त्यांनी गेटावरूनच पाकीट दिलं होतं. पण परवाच्या रविवारी ते आले, तुझ्या फोनच्या पुष्कळ आधी. केस ओले, भांग पाडलेला, काजव्याचा शेवटचा भाग प्लास्टिकमध्ये. मी आरामखुर्ची दिली, ते स्टुलावर बसले. शैला दारातून डोकावून गेली आणि मला खूण करून विचारलं, काय झालं?

"तिकडं आता सकाळ ना?" सोनवण्यांनी विचारलं.

"सकाळ."

"उठला असंल?"

"उठला असेल."

ते टेबलावरच्या फोनकडे बघत होते. "बाई, न्हाई केला त्यानं फोन तर राग धरू नका. शेवट तर कळलाय त्याला."

मी काही उत्तर द्यायच्या आत फोन वाजला. तू पडद्यावर आलास आणि "ते स्टोअरवाले आजोबा आलेत का?" असं विचारलंस, ते नंतर. तुझं तोंड दिसायच्या आधी, फोन वाजत असतानाच, त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि कॉलर सारखी केली. ते तुला दिसलेलं नसणार.