सुरवंटाची राखण

थोरलीने काचेची बरणी बाबाच्या हातात दिली आणि विचारलं, "नक्की सांभाळशील ना? की आईलाच सांगू?"

हा प्रश्न बाबाला फार लागला. लोकांच्या घरादाराला कशाकशापासून धोका आहे हे शोधून काढायची विमा कंपनीतली नोकरी त्याची! त्याला एक सुरवंट सांभाळता येऊ नये? "तुम्ही दोघी बिनधास्त जा मावशीकडे," तो म्हणाला. (बिनधास्त राहण्याचा सल्ला तो फक्त दुसऱ्यांनाच देत असे.)

मुली गेल्या आणि इकडे सुरवंटाने अन्नपाणी सोडलं. लिंबाची कोवळी पानं तशीच पडलेली, आणि गडी बरणीच्या तोंडाशी गोल गोल फिरतोय.

"अगं, याचा जीव गुदमरतोय!"

"कोष करायला जागा शोधत असेल," बायको म्हणाली. "तुम्ही जरा स्वस्थ बसा बघू."

स्वस्थ बसणं त्याच्या रक्तातच नव्हतं. झाकणाला भोकं होती, पण ती काही त्याला पुरेशी वाटेनात. मोकळी हवा मिळावी म्हणून त्याने झाकणच काढून ठेवलं आणि आंघोळीला गेला. येऊन बघतो तर बरणी रिकामी!

मग काय, घर डोक्यावर घेतलं. गाद्या झटकल्या, पडदे उलटेसुलटे केले, चपलांत बॅटरी मारून पाहिलं. घरात पाऊल टाकायची चोरी झाली. "अगं, खाली बघून चाल!" "केर काढू नकोस!" "काढलास? मग टाकलास कुठे?" बायकोने हात जोडले. ऑफिसातही तो आधी खुर्ची तपासायचा आणि मगच बसायचा. डोळ्यांपुढून थोरलीचा चेहरा काही हलेना.

शेवटी मुली यायच्या दिवशी त्याने शेजारच्या काकूंच्या लिंबावरून एक बदली सुरवंट आणला. जरा लहानखुरा होता, रंगाने काळपट. पण अडल्या वेळी रंगरूप कोण बघतं?

थोरलीने बघितलं.

"बाबा, आपला हिरवा होता."

"अगं, तुम्ही नव्हतात ना, झुरून झुरून काळवंडला बिचारा."

"ते आधी काळे असतात, मग हिरवे होतात. उलटं नाही होत!"

"आणि हे तर पिल्लू आहे," धाकटीने भर घातली.

बाबाने शरणागती पत्करली. "हरवला गं तो. मीच झाकण उघडं टाकलं," तो कसाबसा म्हणाला. थोरलीचे डोळे भरून आले. "म्हणूनच मी आईला सांगणार होते," ती म्हणाली, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात गॅलरीतून बायकोची हाक आली. "अहो, सगळे इकडे या आधी!"

गॅलरीत व्यायामाची सायकल उभी होती, डॉक्टरांनी बजावलं म्हणून आणलेली. तिच्या पेडलला खालून एक हिरवागार कोष चिकटला होता, कमरेला धागा गुंडाळून, अगदी निवांत. बाबाने अख्खं घर पालथं घातलं, पण इथे बघायचं त्याला सुचलंच नव्हतं. (हीच सायकल तो रोज पहाटे, सगळे झोपेत असताना, घाम निघेपर्यंत चालवत असे. निदान डॉक्टरांना आणि घरी तरी तसंच सांगत असे.)

सगळ्यांनी पेडलकडे पाहिलं. मग बाबाकडे पाहिलं.

थोरलीने धावत येऊन त्याच्या गळ्यात हात टाकले. "बरं झालं बाबा, तू थापा मारतोस ते! खरंच चालवली असतीस, तर गेलाच होता बिचारा."