हवालदाराची बदली

गिताबाईनं मांजर पाळायचं ठरवलं आणि गेणबाचा घास हातातच राहिला. मांजराला त्याची ना नव्हती. उंदरांनी बाजरीची पोती फोडली होती, कांद्याचं बी फस्त केलं होतं, आणि भाचीच्या लग्नात नेसायच्या शालूचा काठ कुरतडल्यावर तर गिताबाईपुढं तोंड उघडायची कुणाची छाती नव्हती. शिवाय गल्लीतल्या हसीनाची मांजरी व्याली होती, म्हणजे पिल्लू घरबसल्या मिळत होतं. घास अडला तो पुढच्या वाक्यावर.

"आन् हवालदाराला केंदूरला धाडायचा. बाजारच्या दिवशी संपत येतोय, त्याच्या जीपमधी घालून देऊ."

हवालदार म्हणजे गेणबाचा कुत्रा. मेंढरं होती तोवर त्यानं लांडग्यांशी दोन हात केले होते. पुढं मेंढरं विकून गेणबानं इथं गावात, निमोण्यात, विहीर पाडली, बागाईत केलं, तसा हवालदारही रिटायर झाला आणि ओसरीवर गेणबाच्या घोंगडीशेजारी पडून राहू लागला. उतारवयात त्याला एकच खोड उरली होती. मांजर दिसलं की त्याची नोकरी पुन्हा सुरू व्हायची. मागच्याच महिन्यात हसीनाच्या मांजरीला पत्र्यावर चढवून त्यानं दुपारभर खाली पहारा दिला होता.

"आगं, म्हातारा झालाय त्यो. ह्या वयात परक्या घरी धाडती व्हय?"

"संपत परका हाय का? माझ्या सख्ख्या भावाचा ल्योक हाय."

"मी दोघांची वळख करून देतो. बाजारापतूर जमलं तर ऱ्हाऊ दे त्याला."

"आन् न्हाई जमलं तर?"

गेणबानं हातातला घास तोंडात घातला. गिताबाईनं ती कबुली समजून ताट उचललं.

सून धनश्री तयारीला लागली. टीव्हीच्या रिकाम्या खोक्यात जुनं लुगडं, घमेल्यात राख, दुधाला जर्मनची वाटी, आणि हे सगळं चुलीमागं, उबेला. पोर गुणाची. पण गेणबाचा जन्म मेंढरांत गेलेला, त्याला जनावर म्हटलं की एकच शास्त्र ठाऊक. पोरकं कोकरू दुसऱ्या मेंढीला लावायचं असेल, तर तिचंच दूध त्याच्या अंगाला चोळायचं. मेंढी हुंगते, आपलंच म्हणते, विषय संपला.

त्यानं हवालदार ज्यावर झोपायचा ते पोतं उचललं आणि स्वयंपाकघर पुसायला घेतलं. खोकं पुसलं, वाटी पुसली, चुलीमागची भिंत पुसली. धनश्री नाकाला पदर लावून बाहेर पळाली.

"आबा, घर मांजराचं करताय का कुत्र्याचं?"

"दोघांचं. पिल्लाला आधीच सवय लागंल."

ही झाली अर्धी तयारी. आता पिल्लाचा वास हवालदाराला लागायला हवा होता. गेणबा हसीनाकडं गेला. ती दारात तांदूळ निवडत बसली होती.

"पोरी, जरा दूध पायजे हुतं."

"बसा की आबा. म्हशीचं हाय, चालंल?"

"मांजरीचं पायजे."

हसीनानं सूप खाली ठेवलं. "आबा, ती काय काढू द्यायची न्हाई."

"जलमभर मेंढ्यांची धार काढलीया मी."

"मग बघा बाबा."

गेणबानं बघितलं. दोन्ही हात ओरखडून घेऊन तो परत निघाला, तेव्हा हसीनाला त्याची दया आली. मांजरी पिल्लांना घेऊन ज्या कापडावर झोपायची, ते तिनं काढून दिलं. तिच्या नवऱ्याचा, शेखलालचा, चौकडीचा जुना शर्ट होता तो. गेणबानं तो हवालदाराच्या पोटाभोवती गुंडाळला आणि बाह्यांची गाठ पाठीवर मारली. दुसऱ्या दिवशी शेखलालनं चावडीपुढं त्याला गाठलंच.

"आबा, कुत्र्याच्या अंगावर माझा शर्ट हाय."

"वासासाठी घातलाय."

शेखलालनं बाही नाकाजवळ नेऊन हुंगली, आजूबाजूला हसणाऱ्यांकडं पाहिलं आणि शर्ट तसाच सोडून घरी निघून गेला.

बाजाराच्या आदल्या दिवशी हसीना पिशवीतून पिल्लू घेऊन आली. गिताबाई काठी घेऊन उभी राहिली. पिल्लू पिशवीतून उतरलं, थरथरलं, मग नाक वर करून सरळ हवालदाराच्या पोटाखाली शिरलं आणि आईचं दूध शोधू लागलं. लांडग्याला न भ्यालेला हवालदार चारी पाय ताठ करून उभा राहिला आणि केविलवाण्या नजरेनं गेणबाकडं बघू लागला.

"जमलं," गेणबा म्हणाला.

जमलं ते जरा जास्तच. पिल्लाला खोक्यात ठेवलं की ते घर डोक्यावर घेई. दुधाला तोंड लावेना. खोक्याला, वाटीला, भिंतीला हवालदाराचा वास, आणि हवालदार कुठंच नाही. ते स्वयंपाकघरभर त्याला हुडकत ओरडत फिरायचं, बाहेर हवालदार दार खरवडायचा. गिताबाईनं दिवेलागणीपर्यंत कळ काढली, मग स्वतःच्या हातानं दार उघडलं.

"ये बाबा, तूबी ये आत."

हवालदार खोक्यात काही मावेना, म्हणून गेणबाची घोंगडी आत आली, आणि घोंगडीमागोमाग गेणबाही. पिल्लू दूध पिऊन त्याच्या कुशीत झोपलं. आणि चुलीशेजारी एवढं धूड पसरलेलं बघून उंदरांनी बिळातून डोकंसुद्धा वर काढलं नाही.

सकाळी संपत जीप घेऊन हजर झाला.

"आत्या, कुठंय हवालदार?"

"त्यो कुठंबी जायचा न्हाई. त्याच्या जिवावर घर हाय आता."

गेणबाला हसू लपवता येईना.

"म्हंजी माझी खेप फुकट गेली म्हणा."

"फुकट कशी? तुझ्या आतोबांना ने. त्यांच्या घोरण्यानं पिल्लू दचकून उठतंय."

गेणबाचं हसू तिथंच थांबलं. "मी? आन् मी परत कवा यायचं?"

"तुमची आन् पिल्लाची वळख झाली की."

"केंदूरात बसून कशी व्हईल वळख?"

"अंगातली बंडी काढून ठिवा," गिताबाई शांतपणे म्हणाली. "तिच्यावर निजवते त्याला. वासाची सवय झाली की निरोप धाडीन."

शास्त्र गेणबाचंच होतं. त्यानं बंडी काढून दिली, उपरणं पांघरलं आणि जीपमध्ये संपतशेजारी जाऊन बसला. हवालदार घरी राहिला होता, त्याला तेवढं पुरे होतं.