ड्रायव्हर सापडत नाही

हे मी लिहिणार नव्हतो. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे म्हाताऱ्याला हौस होती असं नंतर कोणी म्हणायला नको. ड्रायव्हरच्या मुलीने फोनवर गळ घातली, "कंडक्टर काका, तुम्ही तिथे होतात, तुम्हीच लिहून काढा." मी म्हणालो, मी शाळा चौथीत सोडली, ती तिकिटं फाडण्यापुरती पुरली, लिहिण्यापुरती नाही. तर म्हणे, "जसं बोलता तसंच लिहा." तसं लिहिलं तर चारचौघांत वाचता येणार नाही. म्हणून शिव्या गाळल्या आहेत. त्यामुळे गोष्ट निम्मीच उरली आहे, तक्रार करू नये.

तर ड्रायव्हर. डोळे अधू झाले म्हणून त्याला बसवरून उतरवला त्याला वर्षं लोटली, तरी गल्लीत, वाण्याकडे, दवाखान्यात तो ड्रायव्हरच. त्याच्या गाडीवर कंडक्टर मी. घंटा दिली की निघायचा, घंटा दिली की थांबायचा. जन्मात माझं ऐकणारा तेवढा एकच माणूस. (माझं लग्न झालं नाही. ती गोष्ट मला कोणीही लिहायला लावू शकणार नाही.)

ड्रायव्हरची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, बोलायला भारी. इंजिनाच्या वर आवाज काढायच्या. त्या बोलायच्या, हा "हं" म्हणायचा, आणि संसार असा बिनबोभाट चालला होता. एके दिवशी सकाळी वहिनी ओट्यापाशी मटकन खाली बसल्या. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती, बोलणं परत येईल, कदाचित येणारही नाही. (एवढं मीसुद्धा सांगितलं असतं, आणि फी न घेता.)

मुलगी लांबच्या शहरात नर्स आहे. ती आईला घेऊन गेली. बापालाही चला म्हणाली. पण ड्रायव्हरचा खुबा आधीच मोडलेला, घरातल्या घरात वॉकर धरून चालतो, आणि मुलीचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. वहिनींना खुर्चीत बसवून चार माणसांनी वर चढवलं. ड्रायव्हर म्हणाला, "मला चार माणसांनी उचलायचं ते एकदाच." आणि मागे राहिला.

मग रोज संध्याकाळी फोन. मुलगी आईच्या कानाला फोन लावायची आणि इकडे हा ओरडायचा.

"हॅलो. मी बोलतोय. जेवलीस का?"

तिकडून श्वास.

"औषध घेतलंस?"

श्वास.

"बरं मग."

जन्म "हं"वर काढलेल्या माणसावर एकट्याने बोलायची पाळी आली, आणि त्याच्याजवळ वाक्यं तीन. ती संपली की फोन नुसता कानाला धरून बसायचा. मग ठेवायचा आणि मला सांगायचा, "चिडलीय. मी गेलो नाही म्हणून."

"श्वासावरून कळतं?"

"तिचं मला न बोलता कळतं."

"मग फोन कशाला करतोस?"

वॉकर जवळ ओढत म्हणाला, "तोंड बघायला पाहिजे, कंडक्टर. तोंड बघितलं की कळेल, चिडलीय का मला विसरलीय. चिडलेली असली तर चालेल."

त्याच्या भाच्याने स्वतःच्या मोबाईलवर वहिनी दाखवल्या होत्या. पण ड्रायव्हरच्या डोळ्यांना त्या एवढ्याशा काचेत एक पांढरा डाग दिसला आणि त्या डागाला हा आपला "जेवलीस का" विचारत बसला. म्हणून भाचा म्हणाला, मी मोठ्या पडद्याचा लॅपटॉप देतो. घरात इंटरनेटचा डबा मुलीने बसवून दिलेला होताच.

भाचा चाळिशीचा, दाढीवाला, कुठल्याशा ऑफिसात कम्प्युटर सांभाळतो. माणूस चांगला, पण त्याला एक तत्त्व आहे, आणि तत्त्ववाल्या माणसाशी व्यवहार अवघड.

"मामा, या लॅपटॉपमध्ये मी कंपन्यांचं काही ठेवलेलं नाही. आतली सगळी सिस्टीम मुक्त आहे."

"फुकट?"

"फुकट नाही मामा. मुक्त."

"पैसे पडतात?"

"नाही पडत."

"मग फुकटच की."

भाच्याने दाढी खाजवली. "मुक्त म्हणजे कोणीही उघडून आत बघावं, काय बिघडलं ते दुरुस्त करावं. लपवाछपवी नाही."

"म्हणजे बॉनेट उघडंच ठेवून पळणारी गाडी," ड्रायव्हर म्हणाला. "मी असली गाडी डेपोच्या फाटकाबाहेर काढली नसती."

लॅपटॉप सुरू झाला. छान सुरू झाला. पडद्यावर डोंगर आला, घड्याळ आलं, फक्त इंटरनेट आलं नाही. भाच्याने डोंगर घालवून काळा पडदा आणला आणि त्यावर पांढरी अक्षरं बडवायला लागला. ड्रायव्हर शेजारी वॉकर धरून बसलेला, डॉक्टर नाडी बघत असताना नातेवाईक बसतात तसा.

"काय म्हणतोय?"

"कार्ड आहे," भाचा अक्षरांत तोंड घालून म्हणाला. "ड्रायव्हर सापडत नाहीये."

"मी इथेच बसलोय."

"हं," भाचा म्हणाला. (घराण्यातच आहे ते.)

शेवटी तो उठून गॅलरीत गेला आणि कोणा मित्राला फोन लावला. मी स्वयंपाकघरात चहा टाकला होता. ड्रायव्हर दाराशी होता. त्याचे डोळे गेलेत, कान नाही. त्याला एका बाजूचं बोलणं ऐकू आलं ते असं.

"जुना ड्रायव्हर आहे ना, तोच अडून बसलाय रे… छे, काही कामाचा नाही. नुसती जागा धरून बसतो, नव्याला येऊ देत नाही… नाही, आता त्याला सांभाळायला कोणी नाही. ज्यांनी सांभाळायचं त्यांनी केव्हाच हात वर केले… हो, काढूनच टाकतो. आधी काळ्या यादीत घालतो, म्हणजे परत उठून बसायला नको."

ड्रायव्हर वॉकर टेकत टेकत आत आला आणि मला म्हणाला, "कंडक्टर, माळ्यावरची बॅग काढ."

"कुठे निघालास?"

"ते ठरवतील तिथे. पोरीने हात वर केले. घर रिकामं करताहेत." खाली बसला. "तिचंही बरोबर आहे. एक आजारी माणूस आहे तिच्या गळ्यात, दुसरा कशाला? पण काळ्या यादीत कशाला घालायचं रे? एवढी वर्षं गाडी हाकली, माझ्या नावावर एक शेरा नाही."

बॅगेत त्याने दोन शर्ट घातले आणि आरशापुढचा वहिनींचा कंगवा घातला. तो कंगवा बघून माझं डोकं फिरलं. हातातली सांडशी खाली ठेवायचंही भान राहिलं नाही. तसाच गॅलरीत गेलो.

"लाज नाही वाटत? ज्याने लहानपणी तुला मांडीवर बसवून हॉर्न वाजवू दिला, त्याला काढून टाकतोस?"

"कोणाला, काका?"

"ड्रायव्हरला."

"अहो, तो काढावाच लागतो. त्याच्यामुळेच सगळं अडलंय."

"तोंडावर सांगतोस?"

"पण काका, तो मी बसवलेला नाही. कर्नलने आपोआप घेतलेला आहे."

"कुठला कर्नल? तो लष्करात कधी होता?"

भाचा माझ्या तोंडाकडे बघत राहिला, मग सांडशीकडे बघितलं, आणि मग हसत हसत गॅलरीतल्या फरशीवर बसला. त्या हसण्याचा हिशेब नंतर सांगतो. डोळे पुसून त्याने समजावलं. कम्प्युटरच्या प्रत्येक यंत्राला चालवणारी एक चिठ्ठी असते, तिला ड्रायव्हर म्हणतात. नेटवर्क कार्डाला चुकीचा ड्रायव्हर बसलाय, तो काढून दुसरा घालायचाय. कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा, त्याला मिशा नसतात. (नाव ठेवणाऱ्यांना दुसरे शब्द मिळाले नाहीत. एवढी शिकलेली माणसं, आणि शब्दांचं दारिद्र्य बघा.)

ड्रायव्हरने दारात उभं राहून सगळं ऐकलं. तो हसला नाही.

"म्हणजे मला नाही काढत."

"काय मामा, तुम्हाला कोण काढेल?"

"काढलं असतंस तरी चाललं असतं," ड्रायव्हर म्हणाला. "मला वाटलं, टाकतील तर बहुतेक तिच्याजवळच टाकतील."

भाच्याचं हसू तिथेच गेलं. चहा उतू गेला होता.

पुढची अडचण मला मूर्खपणाची वाटते, पण भाचा म्हणतो जगभर हीच असते. नवा ड्रायव्हर इंटरनेटवर मिळतो. आणि इंटरनेट यायला तो ड्रायव्हर लागतो.

"किल्ली गाडीत आणि दारं बंद," ड्रायव्हर म्हणाला.

"तसंच, मामा." मोबाईलवरून नेट घेऊन बघितलं, तर त्या घरात मोबाईलची रेंज आजारी माणसाच्या धुगधुगीएवढी. ऑफिसातून पेन ड्राइव्हवर घालून आणतो म्हणाला. पण उठेना. "एक गोष्ट आहे, मामा. या कार्डाचा ड्रायव्हर मुक्त नाही. कंपनीचा आहे. आत काय आहे ते कोणाला बघू देत नाहीत. मी असलं काही माझ्या मशीनवर आजवर घातलेलं नाही."

"बॉनेट वेल्ड केलेलं?"

"पक्कं."

ड्रायव्हरने बॅगेतून कंगवा काढला आणि वॉकर टेकत परत आरशापुढे ठेवायला गेला. भाच्याने ते बघितलं.

"मामीसाठी घालतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो पेन ड्राइव्ह घेऊन आला. ड्रायव्हरने दाढी केली होती, गालावर दोन ठिकाणी कापलं होतं. इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं. मला म्हणाला, "भांग बरोबर आहे का बघ." डोक्यावर मोजून केस उरलेत, त्यांचा भांग कसला बघायचा? बरोबर आहे म्हणालो.

भाच्याने जुना ड्रायव्हर काढला, काळ्या यादीत घातला, नवा बसवला, लॅपटॉप बंद करून परत सुरू केला. कोपऱ्यात इंटरनेटचं पंख्यासारखं चिन्ह उगवलं. फोन वाजल्यासारखं वाजलं आणि पडदाभर एक बाई आली. केस बारीक कापलेले, उशीला टेकून बसलेली, तोंड एका बाजूला ओघळलेलं.

"ही कोण?" ड्रायव्हरने मोठ्याने विचारलं.

भाच्याने डोळे मिटले. मी पण.

"बाबा," मुलीचा आवाज आला, "आई आहे. न्हाऊ घालायला सोपं पडतं म्हणून केस कापलेत."

ड्रायव्हर पडद्याजवळ सरकला, नाक काचेला लागेपर्यंत. मग मागे सरकला. वहिनी समोर बघत होत्या, पण कुठे बघत होत्या कळत नव्हतं.

"बाबा, तुम्ही दिसत नाही आहात. इथे नुसतं काळं आहे."

भाच्याने चार बटणं दाबली, मग हळूच म्हणाला, "मामा, कॅमेऱ्याचा ड्रायव्हर वेगळा असतो."

मी बोललो नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी योग्य वेळी बोललो नाही.

"म्हणजे मला ती दिसते, तिला मी नाही?"

"आवाज जातोय."

तिकडून तोंड येत होतं, आवाज नाही. इकडून आवाज जात होता, तोंड नाही. दोघांत मिळून एक धड माणूस. ड्रायव्हरने विचारलं, "जेवलीस का?" मग, "औषध घेतलंस?" तिसरं वाक्य आलंच नाही. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते इस्त्रीच्या शर्टावर पडायला लागलं. ते तिला दिसत नाही हे लक्षात आल्यावर त्याने पुसलंही नाही. आणि बोलत सुटला. नळ गळतो म्हणाला. तुझ्या बाजूची गादी अजून तशीच दबलेली आहे म्हणाला. जिना चढता आला असता तर मी आलो असतो गं, म्हणाला. "केस कापलेस ते बरं झालं. मान दिसते. लग्नात दिसली होती, नंतर बघायचं राहून गेलं."

वहिनींची डावी भुवई वर चढली. डाव्या डोळ्याने त्यांनी त्या काळ्या पडद्याकडे असं बघितलं की इकडे माझीसुद्धा मान खाली गेली.

"चिडलीय," ड्रायव्हर म्हणाला. त्याचा आवाज फुटला. "बघ, कंडक्टर, काय चिडलीय. ओळखलं तिने."

मग मलाही राहवलं नाही. पुढे होऊन म्हणालो, "वहिनी, मीपण आहे हो."

वहिनींनी डावा हात उचलला. पाच बोटं एकत्र करून तोंडाकडे नेली. मुलगी म्हणाली, पाणी हवंय. वहिनींनी पेला ढकलला. परत बोटं तोंडाकडे, मग बोट पडद्याकडे. मुलीने भात का विचारलं, गोळी का विचारलं. वहिनी मान हलवत राहिल्या. शेवटी मुलीच्या डोक्यात प्रकाश पडला.

"काय म्हणते?" ड्रायव्हरने विचारलं.

"आई विचारतेय," मुलगी म्हणाली, "कंडक्टर काका अजून आपल्याकडेच जेवतात का."

ड्रायव्हर हसला. वहिनी मुलीकडे गेल्यापासून पहिल्यांदा हसला, ठसका लागेपर्यंत, वॉकर आडवा पडेपर्यंत. भाचा हसला, मुलगी हसली. वहिनींची डावी बाजू हसली, उजवी तशीच राहिली. मी सांगत होतो की भाजी मी आणतो, भांडी मी घासतो, पण माझा आवाज पोचवायला कुठला ड्रायव्हर लागतो ते कोणी सांगेना.

भाच्याने गॅलरीतल्या हसण्याबद्दल मागाहून माफी मागितली. मुलीनेही मागितली. ड्रायव्हरने मागितली नाही, पण ताटात जास्तीचं वाढलं, ते मी धरून चालतो. राहिलं एकच माणूस. हातवारे मी मोजणार नाही, भुवईही चालणार नाही. तोंडाने, शब्दांत, त्या इंजिनाच्या वरच्या आवाजात मागितलेली हवी, मग कितीका दिवस लागेनात. मला घाई नाही, पण वहिनींनी माझी माफी मागायची आहे.