मंजुषा सिस्टरची ओडिया

"आठवडाभरात ओडिया बोलून दाखवली नाय, तर नावाची मंजुषा नाय!"

सिस्टरनं भर दवाखान्यात छातीवर हात मारून सांगितलं. पैठण रोडवरच्या कारखान्यांमागं ओडिशाच्या कामगारांची वस्ती होती. तिथल्या बाया लेकरांना लस द्यायला आणतच नसत. आणतील कशा? लसीच्या रिक्षाच्या भोंग्यावरची मराठी त्यांना कळायची नाही आणि सिस्टरची हिंदी तर हिंदीवाल्यांनाही कळायची नाही!

चहाच्या टपरीवर तिनं रबी नावाच्या ओडिया कामगाराला गाठलं.

"भैया, दवाखाना भी अपना घरच हय ना? तो 'चलो, अपने घर जायेंगे' तुम्हारे में कैसा बोलते?"

रबीचा चहा हातातच राहिला. हळूच म्हणाला, "चाल, घरकु जिबा."

झालं! सिस्टर भोंगेवाल्या कडूबाच्या रिक्षात बसली आणि वस्तीभर भोंगा घुमला, "चाल, घरकु जिबा!"

दारं फटाफट उघडली. रिक्षामागं बघता बघता दवाखान्यासमोर जत्रा! सिस्टर हरखली. पण हे काय? कुणाच्या डोक्यावर ट्रंक, कुणाच्या काखेत कुकर, एकीच्या हातात तर कोंबडी!

"सिस्टर, ह्या सुई घ्यायला आल्या का बिऱ्हाड थाटायला?" कडूबानं विचारलं.

तेवढ्यात कडेवर तान्हं लेकरू, डोक्यावर ट्रंक घेतलेली मिनती नावाची बाई पुढं आली. "दीदी, गाँव जानेवाली गाडी किधर है?"

बायांचं घर म्हणजे ओडिशातलं गाव! त्यांना वाटलं, सरकारनं गावी न्यायला गाडी पाठवली! कारखान्यातून त्यांचे नवरे धावत आले. त्यांच्यामागं शिव्या घालत सुपरवायझर!

"गाडी नय्यी गं माय... सुई हय," सिस्टर कशीबशी म्हणाली.

मिनती ट्रंक टेकवून तिच्यावरच बसली. लेकराच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "मेरी माँ ने इसको अभी देखा नहीं."

सिस्टरनं हात जोडले. शेवटी मिनतीनंच डोळे पुसले. "आ गये हैं, तो लगा दो. और दीदी, आगे से 'डाक्तरखाना' बोलना. हम समझेंगे."

"अगं बाई! एवढंच व्हय?"

सगळ्या लेकरांना लस मिळाली. संध्याकाळी डॉक्टर खूश! "शाब्बास! उद्या तेलुगू वस्तीत जाता?"

"उद्या रजा द्या साहेब. पिशोरला जाते. आईला बघून लई दिवस झाले."

"अहो, पिशोर तर इथंच आहे!"

"व्हय ना," सिस्टर ओशाळून म्हणाली, "इथंच हाय म्हणून तर राहून गेलं."