ड्रुझलोव्काला कोणीच गेलं नव्हतं

युद्ध हरल्याशिवाय त्याचा इतिहास सवडीने लिहिता येत नाही. जिंकणाऱ्यांच्या मागे राज्य चालवण्याचा व्याप असतो, हरलेल्यांना पेन्शन असते. म्हणूनच १९५६ साली आमच्या गावातल्या माजी सैनिकांच्या मंडळाने पायदळाच्या आपल्या डिव्हिजनचा इतिहास लिहायला घेतला. (डिव्हिजनचा क्रमांक देत नाही. त्या क्रमांकाचे लोक रागावतील आणि बाकीचे विचारतील, आमचा का नाही.)

लेखक हार्टविग लुडेके. युद्धात कॅप्टन, आता शाळेत भूगोलाचे मास्तर. मांजराच्या पिल्लालाही 'अहो' म्हणेल असा सज्जन माणूस. पुस्तकाची पानं चारशे बारा. पैकी थंडीवर चौऱ्याऐंशी, चिखलावर एकसष्ट, घोड्यांच्या हालांवर अडतीस. पूर्वेकडच्या मुलखातली सामान्य माणसं मोजून एक : पान दोनशे सातवरची म्हातारी, जिने सैनिकांना दूध दिलं. ('आनंदाने' हा शब्द मंडळाच्या समितीने मागाहून घातला.)

मंडळाचा कारभार लोकशाहीचा. वर्षाच्या मेळाव्यात कॉफी आणि केक झाला की लुडेके लिहून झालेली प्रकरणं वाचत आणि माजी सैनिक हात वर करून ती मंजूर करत. हात वर करायची सवय सगळ्यांना आधीच्या राजवटीपासून होतीच. आता ते मोजले जात, एवढाच फरक.

पहिल्याच वर्षी पाळी आली मार्च १९४३ची. त्या आठवड्यात डिव्हिजन ड्रुझलोव्का नावाच्या खेड्यात होती. खेड्यातली माणसं धान्याच्या कोठारात कोंडून कोठार पेटवलं गेलं होतं. लुडेके पंधरा पावलांवर उभे होते, त्यांना सगळं आठवत होतं. त्यांनी घसा खाकरून वाचलं, "या आठवड्यात दाट धुकं असल्यामुळे डिव्हिजन नेमकी कुठे होती, हे सांगणं कठीण आहे." नकाशात डॅन्यूब नदी दाखवता आली नाही म्हणून हेच मास्तर पोरांना बाकावर उभं करत.

हात वर जाणार, तोच मागून कॉफीची किटली आदळल्याचा आवाज आला. कॉर्पोरल इवाल्ड क्रम्पेची विधवा एल्फ्रीडे दरवर्षी मेळाव्याची कॉफी करायच्या. त्या पुढे आल्या.

"लुडेकेसाहेब, माझा इवाल्ड त्याच आठवड्यात गेला. ड्रुझलोव्कात. रजेवर आलात तेव्हा तुम्हीच सांगितलंत मला."

"क्रम्पेबाई, तेव्हा जरा गडबडीत…"

"गडबड कसली डोंबलाची! माझ्या स्वयंपाकघरात बसून दोन वाट्या सूप प्यायलात. मला चर्चच्या आवारातल्या त्याच्या स्मारकाच्या दगडावर गावाचं नाव कोरायचंय. कुठेतरी लेखी आल्याशिवाय पाद्रीबाबा कोरू देत नाहीत. तेरा वर्षं तो दगड अर्धवट आहे हो."

अध्यक्ष निवृत्त जनरल होते. त्यांना रडारड खपत नसे. ते गरजले, "ड्रुझलोव्काला कोण कोण होतं? हात वर करा!"

सभागृहात एकशे चाळीस माणसं. एकाचा हात डोकं खाजवायला उठला होता, तोही खाली आला. लुडेकेंना लाज वाटली, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांचा हात उठलासुद्धा. चष्म्यापर्यंत पोचला आणि चष्मा पुसू लागला.

"वा रे वा!" क्रम्पेबाई म्हणाल्या. "म्हणजे माझा नवरा एकटाच गेला होता म्हणायचं!"

बाईंनी टोमणा मारला होता. समितीला ती सूचना वाटली, आणि सूचना उत्तम होती. विधवेचं समाधान होत होतं आणि डिव्हिजन धुक्यातच राहत होती. एकमताने तळटीप मंजूर झाली : 'कॉर्पोरल इवाल्ड क्रम्पे यांना ड्रुझलोव्का येथे वीरमरण आलं. त्या आठवड्यात तिथे आपले ते एकटेच होते.'

पुस्तक निघालं आणि दगड पुरा झाला. पुढे दोन वर्षांनी ड्रुझलोव्का कोणी जाळलं याची चौकशी करायला सरकारी वकील आले. लुडेकेंनी त्यांना अदबीने पुस्तक दिलं. वकिलांनी तळटीप वाचली, आरोपी मृत असल्याची नोंद केली आणि प्रकरण बंद केलं. (एका माणसाने एका दुपारी अख्खं गाव कसं काय जाळलं, असं त्यांनी विचारलं. कॉर्पोरल क्रम्पे कामाला वाघ होते, असं मंडळाने कळवलं.)

बातमी पेपरात आली त्या दिवशी क्रम्पेबाई मास्तरांच्या दारात उभ्या राहिल्या.

"गावाचं नाव मागितलं होतं मी, साहेब. तुम्ही अख्खं गावच त्याच्या गळ्यात बांधलंत. शेजारीण आता माझ्याशी बोलत नाही."

"आत या ना, क्रम्पेबाई. सूप घ्या थोडं."

बाई आत गेल्या नाहीत. लुडेके रात्रभर रडले म्हणतात. ते मनाने फार हळवे.

वाचून तुम्हालाही क्रम्पेबाईंचं वाईट वाटलं असेल, वाटायलाच हवं. बिचारीवर अन्यायच झाला. त्या कोठारात किती माणसं होती, त्यांची नावं काय होती, हे मात्र तुम्हीही इथवर विचारलेलं नाही. तुमच्यासारखे सुजाण वाचक आहेत, म्हणून तर आम्ही त्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढतो आहोत.