वेळेआधी पोहोचलेलं विमान

या दोन शहरांमधला विमानप्रवास पन्नास मिनिटांचा आहे आणि पहिल्यापासून तेवढाच आहे. तरी विमान रोज वीस मिनिटं उशिरा पोहोचायचं आणि प्रवासी कंपनीच्या नावाने खडे फोडायचे. शेवटी प्रकरण वेळापत्रक विभागाच्या प्रमुखांकडे आलं. ऑफिसात त्यांना पाठीमागे घड्याळसाहेब म्हणत.

विमान लवकर आणणं साहेबांच्या अधिकारकक्षेत येत नव्हतं. वेळापत्रक येत होतं. त्यांनी प्रवासाची अधिकृत वेळ दीड तास करून टाकली. दुसऱ्या दिवसापासून तेच विमान, तेवढाच उशीर करून, वेळेआधी पोहोचू लागलं. तशी घोषणा झाली की प्रवासी खूश होऊन टाळ्या वाजवत. साहेबांना बढती मिळाली.

आता लवकर आलेल्या विमानाला उभं राहायला जागा रिकामी नसे. ते वर घिरट्या घालू लागलं आणि पुन्हा उशीर होऊ लागला. सबब, वेळ अडीच तास करण्यात आली. एवढा वेळ हाताशी आहे म्हटल्यावर वैमानिकही चहा निवांत संपवून निघू लागले. मग वेळ चार तास झाली, पुढे साडेपाच. टाळ्या वाढतच गेल्या.

अशात दुसऱ्या शहरातून साहेबांच्या आईचा फोन आला.

"गुरुवारी दुपारी मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. सहीला घरचं माणूस लागतं म्हणतात. आणि खरं सांगू का, मला भीती वाटते रे. तू येशील ना?"

"येणार म्हणजे काय! पन्नास मिनिटांचा तर प्रवास."

"त्यापेक्षा बसने ये. पाच तास लागतात, पण येते बाबा."

"आई, बसचा काय भरवसा!" साहेब दुखावले होते.

गुरुवारी सकाळी ते आपल्याच विमानात बसले. विमान उतरलं, थांबलं, पण दार काही उघडेना. खिडकीतून कुंपणापलीकडे आईच्या इस्पितळाची पाण्याची टाकी दिसत होती. साहेबांनी हवाईसुंदरीला बोलावलं.

"सर, आपण फारच लवकर आलोय. दहा मिनिटांपेक्षा जास्त आधी आलेलं विमान नियमाप्रमाणे आलेलंच नसतं. नाहीतर वेळापत्रक चुकीचं ठरेल ना."

"कुठल्या मूर्खाचा नियम आहे हा?"

"तुमचाच, सर," ती अदबीने म्हणाली.

साहेबांनी आईला फोन लावून पाहिला. आई फोन उचलत नव्हती. ते टाकीकडे बघत बसले. त्यांना लहानपणासारखं रडू येत होतं. आजूबाजूचे प्रवासी मात्र निश्चिंत होते. वेळ कुठे झाली होती अजून?

अखेर आईचाच फोन आला.

"झालं रे ऑपरेशन. शेजारच्या खाटेवरच्या बाईंचा मुलगा आहे ना, त्याने सही केली. घरचा म्हणूनच केली. आत जाईपर्यंत माझा हात धरून होता. बसने आला होता म्हणे. तू कुठे अडकलास?"

"मी पोहोचलोय, आई."

"मग ये की."

तेवढ्यात घोषणा झाली: आपण नियोजित वेळेच्या दहा मिनिटं आधी पोहोचलो आहोत. विमानात टाळ्यांचा कडकडाट झाला.

"एवढ्या टाळ्या कसल्या रे?" आईने विचारलं.

पहिली टाळी वाजवली तरी कुणी, म्हणून साहेबांनी रागाने मान वळवून पाहिलं. मागच्या रांगेत तुम्ही बसला होतात, आणि तुमच्या टाळ्या अजून थांबल्या नव्हत्या.