दहापैकी सात वर्षं

समोरच्या माणसाच्या तोंडून आकडा काढावा तर मीच! आरोग्य पाहणीच्या आमच्या कार्यालयात माझा असा लौकिक आहे. काम तसं सोपं. कोणता आजार माणसाला किती नकोसा वाटतो, ते मोजायचं. 'समजा, तुमची दहा वर्षं उरलीत. आजारासकट दहाही जगा, नाहीतर ठणठणीत होऊन थोडी कमी जगा. किती सोडाल?' जितकी जास्त सोडाल, तितका आजार नकोसा. वीस मिनिटांत मोकळे!

शेवटी एकच अर्ज कमी पडत होता, पक्षाघाताच्या रुग्णाचा. म्हटलं, शोधाशोध कशाला? घरात बाबा आहेत की! दोन वर्षांपूर्वी त्यांची डावी बाजू गेली. तेव्हापासून खुर्चीतून उठायलाही आईचा खांदा लागतो.

बाबांनी प्रश्न नीट ऐकून घेतला. "सात सोडीन."

"सात? बाबा, घाई नाही हं."

"तीन पुरेत. लिही."

मी लिहिलं, अर्ज टेबलावर ठेवला आणि आंघोळीला गेलो. तिथेच माती खाल्ली. बाहेर येतो तो आई चष्मा लावून अर्ज वाचतेय!

"हे सात कसले?"

मी उत्साहाने समजावलं. फार छान समजावलं, हेच माझं दुर्दैव!

"म्हणजे हे मला टाकून सात वर्षं आधी जाणार? आणि तू ते लिहून घेतलंस?"

"अगं, ते नुसतं समजा आहे!"

"अक्षर तर तुझंच आहे ना?"

आईने बाबांच्या शर्टाची बटणं रोजच्यासारखी लावली, पण तोंड भिंतीकडे वळवून. मग ताईला फोन केला. "तुझ्या बाबांची सात वर्षं कमी झाली." एवढंच! तासाभरात ताई रडत दारात, मागोमाग भावजी रिपोर्टांची फाइल मागत.

"कुठल्या डॉक्टरने सांगितलं?"

"डॉक्टरने नाही. याने!" आईने माझ्याकडे बोट दाखवलं. मी म्हणजे यमाचा कारकून असल्यासारखे सगळे बघायला लागले.

शेवटी बाबाच बोलले, एकेक शब्द जुळवत. "मला उचलून उचलून तुझी कंबर गेली. निदान तीन वर्षं तुझ्यावर भार नको. म्हणून सात."

"कंबर माझी आहे. मी कधी तक्रार केली?" आई उसळली. तिने पेन ओढून घेतलं, सात खोडून शून्य केलं.

बाबांनी उजवा हात पुढे केला, पेन घेतलं आणि शून्य खोडून वाकडातिकडा एक काढला. "एक तरी."

"सहा महिने. त्याच्यावर एक दिवस नाही."

"बरं."

आईने एक खोडून 'अर्धं' लिहिलं आणि बाबांना उठवायला खांदा पुढे केला. ताई डोळे पुसत होती. माझेही भरून आले होते, पण यमाच्या कारकुनाने कोणत्या तोंडाने रडायचं?

दुसऱ्या दिवशी आमच्या मॅडमनी अर्ज उजेडात धरला. "तिघांची हस्ताक्षरं, तीन खाडाखोडी! इथे एका माणसाचं उत्तर लागतं. बाद."

तो बाद अर्ज माझ्या खणात आहे. त्या संध्याकाळी घरी आल्यावर, आदल्या दिवशीचा तमाशा पाहिलेल्या बायकोने सहज विचारलं, "आणि तू किती वर्षं सोडशील रे?"

आकडे काढण्यात पटाईत असलेला मी बोटांवर मोजायला लागलो, तीनदा चुकलो. मग म्हणालो, "तुला विचारून सांगतो."